१ जानेवारीचा टेक दिनविशेष: १९७० चा शून्य सेकंद, १९८३ चं इंटरनेट आणि ३३ डिसेंबर

फोनच्या गॅलरीत कधी एखादा फोटो थेट तळाशी गेलेला दिसतो आणि त्याची तारीख असते १ जानेवारी १९७०, वेळ पहाटे ५:३०. तुमचा जन्म २००४ चा, फोन २०२३ चा आणि फोटो १९७० चा! हा योगायोग नाही. कॉम्प्युटरच्या जगात ज्या एका तारखेला सगळ्यात जास्त गोष्टी सुरू झाल्या आणि सगळ्यात जास्त गोष्टी बिघडल्या, ती तारीख १ जानेवारी आहे. महाराष्ट्रात १ जानेवारी म्हटलं की भीमा कोरेगाव (१८१८) आठवतं, पुण्यातल्या वाचकांना कदाचित 'सकाळ'चा पहिला अंक (१९३२) आठवेल. या लेखात आपण याच तारखेला घडलेल्या, पण तुमच्या हातातल्या फोनशी संबंध असलेल्या घटना बघू. प्रत्येक घटनेमागचं तंत्र पण समजून घेऊ, कारण नुसती सनावळी कुठेही मिळते.

मुळात १ जानेवारीच का?

निसर्गात त्या दिवशी विशेष काही घडत नाही. प्राचीन रोममध्ये इ.स.पू. १५३ पासून कॉन्सल हे अधिकारी १ जानेवारीला पदभार घ्यायचे, तिथून हा दिवस वर्षाची सुरुवात ठरत गेला. ज्युलियस सीझरचं कॅलेंडर इ.स.पू. ४५ मध्ये याच दिवशी लागू झालं. तरी ही गोष्ट सगळीकडे एकसारखी नव्हती. इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत कायद्याने नवीन वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, १७५२ पासून ते १ जानेवारीला आलं. आपलं वर्ष पाडव्याला बदलतं. आणि भारताच्या अधिकृत राष्ट्रीय दिनदर्शिकेत १ जानेवारी म्हणजे साधा ११ पौष!

थोडक्यात १ जानेवारी ही एक सेटिंग आहे, कोणीतरी ठरवलेली. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी ती उचलली, कारण वर्ष, महिना, दिवस तिन्ही आकडे त्या क्षणी एकदम बदलतात आणि हिशोब सोपा वाटतो. बिघाड पण नेमके तिथेच होतात.

१ जानेवारी १९०६: भारतीय प्रमाणवेळ

तुमच्या फोनवर दिसणारी वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे, ही व्यवस्था या दिवशी लागू झाली. त्याआधी प्रत्येक मोठ्या शहराची वेळ वेगळी आणि रेल्वेची मद्रासच्या घड्याळावर. मुंबईची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती, म्हणजे नवीन प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. मुंबईकरांना हा बदल अजिबात आवडला नाही. शहरात 'बॉम्बे टाइम' चक्क १९५५ पर्यंत टिकला! स्टेशनवर एक वेळ आणि गावात दुसरी, असा प्रकार.

याचा फोनशी संबंध असा, की अँड्रॉइड, आयफोन, लिनक्स हे सगळे जगभरातल्या वेळांचा एक सामायिक डेटाबेस वापरतात. त्यात भारताची नोंद 'एशिया/कोलकाता' या नावाने आहे. त्या नोंदीत १९०६ चा बदल आहे, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातली घड्याळं काही वर्षं आणखी एक तास पुढे होती तेही आहे. पण 'एशिया/मुंबई' अशी नोंदच नाही. त्यामुळे १९२० मधल्या मुंबईच्या एखाद्या घटनेची वेळ तुम्ही कोडमध्ये टाकली, तर उत्तर त्या काळच्या मुंबईतल्या घड्याळाशी जुळेलच असं नाही.

१ जानेवारी १९७०: कॉम्प्युटरचा शून्य सेकंद

आता त्या फोटोकडे. फोन, सर्व्हर, वेबसाइट यांच्या आत तारीख 'दिवस-महिना-वर्ष' अशी नसते. तिथे फक्त एक आकडा असतो: १ जानेवारी १९७०, ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले. उदाहरणार्थ १,७०,००,००,००० हा आकडा १५ नोव्हेंबर २०२३ ला भारतात पहाटे येऊन गेला. ही पद्धत युनिक्सची. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बनवलेली ही ऑपरेटिंग सिस्टिम, जिच्या वारशावर आजचं अँड्रॉइड आणि आयओएस उभं आहे.

१९७० साली त्या रात्री प्रत्यक्षात काहीच घडलं नव्हतं. शून्य नंतर तिथे नेऊन ठेवला गेला. १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्ये मोजणी १ जानेवारी १९७१ पासून होती आणि तीही सेकंदाच्या साठाव्या भागात. ३२ बिटच्या आकड्यात असं मोजलं तर तो जेमतेम सव्वादोन वर्षांत भरतो. मग एकक बदलून पूर्ण सेकंद केलं आणि शून्य १९७० च्या सुरुवातीला नेला. गोल आकडा, लक्षात ठेवायला सोपा, बस.

म्हणून एखाद्या फाइलला तारीखच नसेल, तर अ‍ॅपला मिळतो शून्य, आणि शून्य म्हणजे १ जानेवारी १९७०. ग्रीनिचच्या मध्यरात्री आपल्याकडे साडेपाच वाजलेले असतात, म्हणून पहाटे ५:३०. हाच फोटो न्यूयॉर्कमध्ये उघडला तर ३१ डिसेंबर १९६९ दिसेल. कधी २० किंवा २१ जानेवारी १९७० दिसली तर तो वेगळा घोळ असतो: एका प्रोग्रामने सेकंद पाठवले आणि दुसऱ्याने ते मिलिसेकंद समजून वाचले. ही युक्ती लक्षात ठेवा, तारीख बघूनच बग ओळखता येतो.

२०१६ मध्ये तर या तारखेने फोन बंद पाडले. आयफोन ५एस आणि त्यानंतरच्या ६४ बिटच्या मॉडेल्समध्ये हाताने तारीख १ जानेवारी १९७० केली आणि फोन रीस्टार्ट केला, की तो परत सुरूच व्हायचा नाही. 'असं केलं की जुना लोगो दिसतो' अशा थापा इंटरनेटवर फिरल्या आणि लोक फसले. आयओएस ९.३ मध्ये दुरुस्ती आली.

फोनची तारीख १९७० वर गेली तर वेबसाइट पण उघडत नाहीत, हे अनेकांना माहीत नसतं. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्राला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. फोनला वाटतं आपण १९७० मध्ये आहोत, प्रमाणपत्र अजून जन्माला यायचंय, म्हणून तो 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतो. बॅटरी पूर्ण संपलेला जुना फोन चालू केल्यावर असं झालं तर आधी तारीख तपासा, नेट पॅक नंतर.

आणि हा आकडा संपणार पण आहे. ३२ बिटच्या चिन्हांकित आकड्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. तो क्षण येईल मंगळवार, १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला अशी सिस्टिम डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडेल. तुमच्या नवीन फोनमध्ये ६४ बिटची मोजणी आहे, त्याची काळजी नको. लिनक्सच्या गाभ्यात ५.६ या आवृत्तीपासून (२०२०) ३२ बिटच्या उपकरणांसाठीही सोय झाली. काळजी आहे ती भिंतीत बसवून विसरलेल्या उपकरणांची आणि डेटाबेसची. मायएसक्यूएलमधला 'टाइमस्टॅम्प' हा प्रकार अजून त्याच तारखेपर्यंत जातो, आणि तो किती ठिकाणी वापरलाय ते कोणत्याही सर्व्हिस कंपनीतल्या माणसाला विचारा. वीस वर्षांचं गृहकर्ज किंवा पेन्शनचा हिशोब २०३८ च्या पलीकडे आजच जातो, म्हणजे हा प्रश्न २०३८ मध्ये सुरू होणार नाही, तो चालू आहे.

१ जानेवारी १९८३: इंटरनेटचा खरा वाढदिवस

या यादीतली माझ्या मते सगळ्यात मोठी घटना. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून अर्पानेट हे नेटवर्क १९६९ पासून चालू होतं. त्यावरचे कॉम्प्युटर एनसीपी नावाच्या नियमांनी बोलायचे. एनसीपीची अडचण ही, की ते एकाच नेटवर्कसाठी बनलं होतं आणि ते नेटवर्क भरवशाचं आहे असं गृहीत धरायचं. रेडिओवरचं नेटवर्क, उपग्रहावरचं नेटवर्क असे वेगवेगळे प्रकार जोडायचे तर ते चालणार नव्हतं.

विंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये दुसरा विचार मांडला, तोच पुढे टीसीपी/आयपी झाला. मधलं नेटवर्क कसंही असू दे, डेटाची पाकिटं हरवू देत, उलटसुलट क्रमाने येऊ देत. पोचलं का, क्रम बरोबर आहे का, परत मागवायचं का, ही जबाबदारी दोन टोकांच्या कॉम्प्युटरची. लोकल ट्रेनमध्ये तुमचा व्हिडिओ अडखळतो, पण मधले तुकडे गायब न होता पुढे चालू होतो, हे याच विचारामुळे.

जुन्यावरून नव्यावर जायचं कसं? जॉन पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये स्थलांतराचा आराखडा प्रसिद्ध केला: १ जानेवारी १९८३ पासून फक्त टीसीपी/आयपी. लोक अर्थातच टाळाटाळ करत राहिले (डेडलाइनचं सगळीकडे सारखंच). मग १९८२ मध्ये एकदा एक दिवस आणि नंतर दोन दिवस एनसीपी मुद्दाम बंद ठेवून दाखवलं, की तयारी नसेल तर काय होईल. तेव्हा कुठे लोक कामाला लागले. नेटवर्कवर तेव्हा साधारण ४०० कॉम्प्युटर होते. ज्यांनी ही उडी पार केली त्यांच्यासाठी 'मी टीसीपी/आयपी स्थलांतरातून वाचलो' अशा अर्थाचे बिल्ले छापले गेले.

त्या दिवशी लागू झालेल्या पत्त्यांच्या पद्धतीत ३२ बिट होते, म्हणजे सुमारे ४२९ कोटी पत्ते. ४०० कॉम्प्युटरसमोर ४२९ कोटी म्हणजे भरपूरच वाटले असणार! आज ते पुरत नाहीत. नवीन आयपीव्ही६ पद्धत जून २०१२ मध्ये जगभर औपचारिकपणे सुरू झाली, पण 'अमुक तारखेला जुनं बंद' असं आता कोणी म्हणू शकत नाही. त्यामुळे दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालू आहेत. तुम्ही जिओचं सिम वापरत असाल तर तुमच्या फोनला बहुधा आयपीव्ही६ पत्ता मिळालेला असेल. सेटिंग्जमधल्या 'फोनविषयी' या भागात अक्षरं आणि आकडे मिसळलेला लांबलचक पत्ता दिसतो, तोच.

१ जानेवारी १९८५: 'हॅलो बाबा'

मध्यरात्र उलटल्यावर लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमधून मायकेल हॅरिसन यांनी आपल्या वडिलांना फोन लावला. वडील म्हणजे व्होडाफोनचे अध्यक्ष सर अर्नेस्ट हॅरिसन. ब्रिटनमधल्या व्यावसायिक मोबाइल नेटवर्कवरचा हा पहिला कॉल. तेव्हाचा 'उचलून नेता येणारा' फोन जवळपास ५ किलोचा होता. भारतात पहिला मोबाइल कॉल यायला ३१ जुलै १९९५ उजाडला, कोलकात्यातून ज्योती बसू यांनी दिल्लीत सुखराम यांना केलेला.

१ जानेवारी २०००: वायटूके

पंचकार्डाच्या काळात कार्डावर ८० रकाने असायचे आणि मेमरी महाग होती. म्हणून वर्षाचे दोनच आकडे ठेवायची पद्धत पडली: १९७५ ऐवजी ७५. मग ९९ नंतर ०० आलं की कॉम्प्युटरला ते १९०० वाटणार. वय, व्याज, मुदत सगळं उलटं. बँका, विमा, विमान कंपन्या यांचे लाखो ओळींचे कोबोलमधले जुने प्रोग्राम एकेक ओळ तपासून दुरुस्त करावे लागले. ते करायला माणसं लागली आणि त्यातली खूप भारतातली होती. आपल्याकडच्या आयटी कंपन्यांना परदेशी ग्राहकांचे दरवाजे याच कामाने उघडून दिले.

'वायटूके म्हणजे नुसती हवा, काही झालंच नाही' असं अजूनही ऐकू येतं. मला हे पटत नाही. मोठ्या सिस्टिम आधीच दुरुस्त झाल्या होत्या म्हणून त्या पडल्या नाहीत. जिथे राहून गेलं तिथे काय झालं ते बघा. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेच्या वेबसाइटवर वर्ष १९१०० दिसलं (जुन्या जावास्क्रिप्टमध्ये वर्ष '१९०० पासून किती' असं मिळायचं, १०० च्या आधी १९ चिकटवलं की झालं). न्यूयॉर्क राज्यात एका व्हिडिओच्या दुकानात ग्राहकाला कॅसेट १०० वर्षं उशिरा परत केल्याचं बिल आलं, ९१,२५० डॉलर. इथपर्यंत हसायला ठीक आहे. पण इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरने जानेवारी २००० पासून गरोदर महिलांचं वय चुकीचं काढायला सुरुवात केली. डाऊन सिंड्रोमच्या तपासणीत आईचं वय हा महत्त्वाचा घटक असतो. दीडशेहून जास्त महिलांना धोका कमी असल्याचा चुकीचा निकाल गेला आणि ही गोष्ट लक्षात यायला मे महिना आला.

दुरुस्तीची एक स्वस्त पद्धत पण होती. दोन आकडे तसेच ठेवायचे आणि प्रोग्रामला सांगायचं, ००–१९ असेल तर २००० चं शतक धर, बाकी १९०० चं. ही तात्पुरती खिडकी बरोबर वीस वर्षांनी बंद होते. १ जानेवारी २०२० ला स्प्लंक या लॉग तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अपडेट न केलेल्या आवृत्त्यांना दोन आकडी वर्ष ओळखता येईना, कारण त्यांची यादी १९ वर संपत होती.

२००९ आणि २०१०: लीप वर्ष आणि दहाचे सोळा

३१ डिसेंबर २००८ ला मायक्रोसॉफ्टचे ३० जीबीचे झून प्लेयर जगभर एकदम गोठले. लीप वर्षातला ३६६ वा दिवस होता. तारीख काढणारा कोड 'दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत तोपर्यंत वजा करत राहा' असं म्हणत होता, पण लीप वर्षात वजाबाकी ३६६ पेक्षा जास्त असेल तरच करायची अशी आतली अट. बरोबर ३६६ असले की ना वजा होतं, ना बाहेर पडता येतं. कंपनीचा उपाय: बॅटरी संपू द्या आणि १ जानेवारीला चालू करा. आणि तो चाललाही!

पुढच्याच वर्षी, १ जानेवारी २०१० ला, जर्मनीत सुमारे ३ कोटी बँक कार्डं चालेनात. चिपमधल्या सॉफ्टवेअरला २०१० हे वर्ष हाताळता येत नव्हतं. ऐन सुट्टीत परगावी गेलेल्या लोकांचे पैसे खात्यात होते, हातात नव्हते. त्याच दिवशी विंडोज मोबाइलच्या फोनवर आलेले एसएमएस २०१६ चे दिसू लागले. २०१६ च का? काही यंत्रं दशमान आकडा चार-चार बिटच्या कप्प्यात ठेवतात. १० असेल तर एका कप्प्यात १, दुसऱ्यात ०. तेच आठ बिट कोणी साधा बायनरी आकडा समजून वाचले तर उत्तर येतं १६. ० ते ९ पर्यंत दोन्ही वाचनं सारखीच, त्यामुळे २००० ते २००९ हा बग कोणाला दिसलाच नाही.

१ जानेवारी २०१७: ५:२९:६०

पृथ्वीचं फिरणं घड्याळाइतकं नियमित नाही, म्हणून १ जानेवारी १९७२ पासून अधूनमधून जागतिक वेळेत एक जास्तीचा सेकंद घालायची पद्धत आहे. आत्तापर्यंत असे २७ सेकंद घातले गेले. शेवटचा भारतात १ जानेवारी २०१७ ला पहाटे ५:२९:५९ नंतर आला. त्या सेकंदाला क्लाउडफ्लेअरच्या काही सर्व्हरचं घड्याळ किंचित मागे गेलं. 'उत्तर यायला किती वेळ लागला' हे काढताना शेवटच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा केली तर आलं उणे. कोडमध्ये फक्त 'शून्य आहे का' एवढंच तपासलं होतं, त्यामुळे प्रोग्राम कोसळला आणि काही वेबसाइट सापडेनाशा झाल्या. दुरुस्ती एका चिन्हाची: 'शून्य' ऐवजी 'शून्य किंवा कमी'. आता २०३५ पर्यंत हे जास्तीचे सेकंद बंद करायचं २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं आहे.

१ जानेवारी २०२२: ३३ डिसेंबर

मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजमधला मालवेअर तपासणारा भाग आपल्या आवृत्तीचा क्रमांक तारखेवरून बनवायचा: वर्ष, महिना, दिवस आणि पुढे चार आकडे. नवीन वर्षाचा क्रमांक झाला २२०१०१०००१. वर २०३८ च्या वेळी जो कमाल आकडा बघितला त्यापेक्षा हा मोठा! भाग बंद पडला आणि असंख्य ऑफिसांचे ईमेल रांगेत अडकले, सिस्टिम सांभाळणाऱ्यांची सुट्टी गेली. मायक्रोसॉफ्टने जी तातडीची दुरुस्ती पाठवली तिचा क्रमांक २११२३३०००१ होता, म्हणजे ३३ डिसेंबर २०२१. २०२२ लिहिताच येत नाही ना, मग डिसेंबरच लांबवला.

आणि ज्यांचा वाढदिवसच १ जानेवारी आहे

घरातल्या आजी-आजोबांचं आधार कार्ड बघा. बऱ्याच जणांची जन्मतारीख १ जानेवारी असते. नोंदणीच्या वेळी फक्त अंदाजे वय किंवा वर्ष माहीत होतं, सिस्टिमला पूर्ण तारीख हवी होती, मग ०१/०१. महाराष्ट्रात त्यात आणखी एक गंमत: शाळेच्या दाखल्यावर त्याच माणसाची तारीख १ जून, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि गुरुजींनी तीच लिहिली. आता एका कागदावर १ जून, दुसऱ्यावर १ जानेवारी, आणि तारीख जुळत नाही म्हणून पेन्शनचा किंवा बँकेचा फॉर्म परत. आजोबांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. चूक त्या रिकाम्या चौकटीची असते, जिला 'फक्त वर्ष माहीत आहे' हे उत्तर चालत नाही.

हे करता येत नाही असं नाही. तारखा लिहायच्या आंतरराष्ट्रीय मानकात नुसतं '१९५२' लिहिणं वैध आहे. आरोग्याच्या नोंदींसाठी वापरल्या जाणाऱ्या एफएचआयआर या मानकातही जन्मतारखेच्या जागी फक्त वर्ष चालतं. तुम्ही कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी नोंदणीचा फॉर्म बनवत असाल तर दिवस आणि महिना हे रकाने ऐच्छिक ठेवा, आणि ते रिकामे असतील तर डेटाबेसमध्येही रिकामेच राहू द्या, ०१/०१ भरू नका.